क्लिपलेस पेडल : पाय वेळेत सोडवूनही अडकलेल्या बाजूलाच तोल जातो, निघण्याचा आणि थांबण्याचा सराव कसा करावा?

पहाटफेरी

मी गेली अकरा वर्षे साध्या, सपाट पेडलांवर सायकल चालवत आले आहे. रोज साधारण २५ किलोमीटर आणि आठवड्यातून एकदा ६० ते ८० किलोमीटर असा माझा परिपाठ आहे. दोन महिन्यांपूर्वी मी क्लिपलेस, म्हणजे बूट अडकवता येणारी पेडले बसवली. ती शिमानो कंपनीच्या एसपीडी पद्धतीची, दोन्ही बाजूंनी अडकणारी आहेत. सोबत तळाला दोन स्क्रूंनी क्लीट, म्हणजे पेडलात अडकणारा धातूचा लहान तुकडा, बसवता येणारे बूट घेतले. सायकल चालू असताना मला या पेडलांचा काहीही त्रास होत नाही. उलट खडबडीत रस्त्यावर पाय पेडलावरून उडत नाही, याचे समाधानच वाटते. अडचण येते ती निघताना आणि थांबताना, त्या काही सेकंदांपुरती.

आतापर्यंत मी तीन वेळा पडले आहे. पहिल्या वेळी पाय अडकलेला आहे याचेच मला भान राहिले नव्हते, त्यामुळे ते पडणे मला समजते. दुसऱ्या आणि तिसऱ्या वेळी मात्र मी डावा पाय थांबण्याच्या बऱ्याच आधी, व्यवस्थित सोडवला होता आणि तरीही सायकल उजवीकडे, म्हणजे अडकलेल्या पायाच्या बाजूला कलंडली. तिसऱ्या वेळी तर डाव्या पायाचा चवडा जमिनीला लागल्याचे मला स्पष्ट आठवते आणि पुढच्याच क्षणी मी उजव्या कोपरावर पडलेली होते. खरचटण्यापलीकडे इजा झाली नाही, पण तेव्हापासून गर्दीच्या चौकाजवळ येताना छातीत धडधडते.

निघतानाही माझी पद्धत आड येते. डावा पाय पेडलावर ठेवून, उजव्या पायाने जमिनीला रेटा देत सायकल चार पावले पुढे न्यायची आणि मग टांग टाकायची, ही लहानपणापासूनची सवय आहे. नव्या बुटांनी असे करताना धातूची क्लीट पेडलावरून घसरते, आणि पाय आधीच अडकवून घेतला तर टांग टाकताना सायकल डगमगते.

थांबताना नेहमी एकच पाय सोडवावा की परिस्थितीप्रमाणे कोणताही, पेडलाची पकड किती सैल ठेवावी आणि सराव कोणत्या क्रमाने करावा, हे अनुभवी मंडळींनी सविस्तर सांगावे अशी विनंती आहे. जुनी पेडले परत बसवण्याची माझी इच्छा नाही.

लांबपल्ला

तुमच्या प्रश्नातला एक तपशील मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. दुसऱ्या आणि तिसऱ्या वेळी पाय वेळेत सुटला होता, असे तुम्ही लिहिले आहे. या पेडलांविषयीचा बहुतेक सल्ला "पाय लवकर सोडवा" इथेच संपतो आणि तो तुम्ही आधीपासून पाळत आहात. त्यामुळे पाय सोडवण्यासाठी टाच बाहेर वळवण्याचा सराव आणखी शंभर वेळा केला तरी तुमचे पडणे थांबेल, असे मला वाटत नाही. पाय सुटल्यापासून तो जमिनीवर भक्कम टेकेपर्यंत शरीराचे वजन कोणत्या बाजूला आहे, हे पाहावे लागेल.

चालती सायकल आपण हँडलाने सावरत असतो. ती उजवीकडे कलू लागली की हँडल किंचित उजवीकडे वळते, चाके कलत्या वजनाच्या खाली येतात आणि तोल परत मिळतो. हे सारे नकळत घडते, मात्र त्यासाठी चाके पुढे सरकत असावी लागतात. वेग माणसाच्या चालीपेक्षाही कमी झाला की हँडल कितीही वळवले तरी चाके वेळेत वजनाखाली पोहोचत नाहीत आणि सायकल त्या क्षणी जिकडे कललेली असेल तिकडेच जाते. सपाट पेडलांवर आपल्याला याची चिंता नसते, कारण सायकल ज्या बाजूला कलेल त्या बाजूचा पाय आपण खाली टेकवतो. आता ती मुभा राहिलेली नाही. सायकल सरळ उभी राहील आणि मग आपण पाय टेकवू, अशी वाट न पाहता तिला सुटलेल्या पायाकडे आपण होऊन थोडेसे कलवावे लागते.

तुमचा कल उजवीकडे का जातो, याची तीन कारणे संभवतात आणि बहुधा ती एकत्रच घडत असावीत. सीटची उंची पेडल मारण्यासाठी योग्य असेल, तर सीटवर बसून पाऊल जमिनीला पुरत नाही. फार तर बोटे पोहोचतात. अशा वेळी बसल्याजागी डावा पाय लांबवला की सीट मांडीखालून उजवीकडे ढकलली जाते. दुसरे कारण तुम्ही स्वतःच सांगितले आहे. चाके अजून फिरत असताना चवडा जमिनीला लागला, तर तो टेकू ठरत नाही. त्याचा रेटा बसतो आणि तो रेटा आपल्याला उजवीकडे लोटतो. तिसरे कारण हँडलाचे आहे. शेवटच्या क्षणी रस्त्याच्या कडेकडे जाण्यासाठी हँडल डावीकडे वळवले, तर चाके डावीकडे निघून जातात आणि वरचे शरीर उजवीकडे मागे राहते.

मी स्वतः जो क्रम पाळतो तो असा आहे. थांबण्याची जागा साधारण ३० मीटर दूर असतानाच गिअर हलका करून घेतो, कारण उभ्या सायकलीवर गिअर बदलता येत नाही आणि जड गिअरवर पुन्हा निघणे हा तोल जाण्याचा आणखी एक प्रसंग असतो. डावे पेडल सर्वांत खाली आले की टाच बाहेर वळवून पाय सोडवतो. सोडवलेला पाय हवेत लोंबकळत ठेवत नाही. तळव्याचा मधला भाग पेडलावर येईल आणि क्लीट पेडलाच्या पुढे राहील, असा तो पुन्हा पेडलावर ठेवतो. पुष्कळ जण सुटलेला चवडा जिथल्या तिथे टेकवतात, तो त्यांच्या नकळत पुन्हा अडकतो आणि मग ऐन वेळी सुटत नाही.

त्यानंतर अर्धा फेरा मारून उजवे, म्हणजे अडकलेले पेडल तळाशी आणतो. दोन्ही ब्रेक हलके दाबत उजव्या पायावर उभा राहतो आणि सीट सोडून तिच्या पुढे, आडव्या दांड्याच्या वर येतो. माझ्या मते सगळे रहस्य याच हालचालीत आहे. सीट सोडल्याबरोबर डावा पाय जमिनीच्या कितीतरी जवळ येतो, तो ताणावा लागत नाही आणि पूर्ण पाऊल टेकते. सायकल थांबता थांबता कंबर किंचित डावीकडे नेतो, हँडल अगदी थोडे उजवीकडे करतो आणि चाके थांबल्यावरच पाऊल पेडलाच्या बाजूला, एक वीतभर बाहेर, पूर्ण टेकवतो. पाऊल टेकले तरी ब्रेक सोडत नाही, कारण मोकळी चाके पुढेमागे सरकली की टेकलेला पायही हलतो.

सरावासाठी एक सूचना आहे. पहिले काही दिवस डावा पाय अजिबात अडकवू नका. केवळ उजवा पाय अडकवून, मोकळ्या सपाट जागेत, दहा मीटर जाऊन थांबायचे, पुन्हा निघायचे, असे वीस मिनिटे करा. सोडवण्याची काळजी उरली नाही की सीटच्या पुढे येण्याकडे आणि डावीकडे कलण्याकडे पूर्ण लक्ष देता येते. ती हालचाल न आठवता होऊ लागली, की मग डावा पायही अडकवून हेच सारे पुन्हा करा.

तरीही तोल गेलाच, तर हात लांब करून जमिनीवर टेकवू नका. दोन्ही हात हँडलावर घट्ट ठेवून सायकलीसह कुशीवर पडलेले बरे. या वेगात खुबा आणि दंड खरचटतात, पण ताठ केलेल्या हातावर सारे वजन आले तर मनगटाचे किंवा खांद्याजवळचे हाड मोडू शकते.

पानापेटी

वरील उत्तराशी मी सहमत आहे, परंतु सराव सुरू करण्यापूर्वी साहित्याची तपासणी व्हावी असे मला वाटते. बिघडलेल्या पकडीवर केलेला सराव माणसाची भीती वाढवतो.

आधी पकडीची रचना थोडक्यात सांगतो, कारण ती समजली की पाय ओढून सोडवण्याचा मोह होत नाही. जुन्या काळी पेडलावर बुटाचे टोक धरणारी धातूची क्लिप आणि पट्टा असे. थांबण्यापूर्वी हात खाली नेऊन पट्टा सैल करावा लागे. ती क्लिप गेली म्हणून या पेडलांना क्लिपलेस हे नाव मिळाले, आणि अडकणाऱ्या पेडलाला असे नाव का, हा नवख्यांना पडणारा प्रश्न अगदी रास्त आहे. बर्फावरच्या स्कीला बूट धरून ठेवणारे बंध बनवणाऱ्या लुक या फ्रेंच कंपनीने १९८४ मध्ये तीच कल्पना पेडलांत आणली आणि पुढच्याच वर्षी फ्रेंच सायकलपटू बर्नार इनो यांनी ती पेडले वापरून टूर द फ्रान्स ही सायकल शर्यत जिंकली. स्कीच्या बंधाप्रमाणेच येथेही सरळ ओढ सहन करायची आणि वळण मिळताच सोडायचे, असा स्प्रिंगचा गुण असतो. म्हणून घाबरून पाय वर खेचला तर पकड सुटत नाही. टाच सायकलीपासून दूर, बाजूला वळली पाहिजे आणि वळताना गुडघा शांत राहिला पाहिजे.

तुमच्या एसपीडी पेडलावर, क्लीट जिथे अडकते तिथे, प्रत्येक बाजूला पकडीचा ताण कमीजास्त करणारा एक लहान स्क्रू असतो. बहुतेक पेडलांना त्यासाठी ३ मिलिमीटरची ॲलन की लागते. पेडलाला दोन बाजू असल्यामुळे दोन पेडले मिळून असे चार स्क्रू होतात, आणि पुष्कळदा लोक त्यांतले दोनच सैल करतात. मग पाय कधी सहज सुटतो, कधी जोर लावावा लागतो, आणि आपल्या हातून चूक झाली असे सायकलस्वाराला वाटत राहते. चारही स्क्रू उलटे फिरवून कमीत कमी ताणावर आणा, परंतु स्क्रू पूर्ण बाहेर येईल इतके फिरवू नका. नंतर प्रत्येक स्क्रू फिरवताना जाणवणाऱ्या टिचक्या मोजून चारही ठिकाणी ताण सारखा आहे याची खात्री करा. हा ताण तुम्ही कित्येक महिने तसाच ठेवला तरी बिघडत नाही. पेडल मारताना पाय आपोआप निसटू लागला, तरच तो एकेक टिचकीने वाढवावा.

दुसरी गोष्ट क्लीटच्या प्रकाराची. शिमानोच्या एसपीडी क्लीटमध्ये एसएच-५१ हा प्रकार टाच बाजूला वळवल्यावरच सुटतो, तर एसएच-५६ हा तिरक्या दिशेनेही सुटतो. नवशिक्यांना दुसरा प्रकार सोपा जातो. मात्र उभे राहून जोरात पेडल मारताना किंवा खड्ड्यावरून सायकल उचलताना तो अनपेक्षितपणे सुटू शकतो, हे लक्षात ठेवून वापरावा. तुमचा प्रश्न मुळात पकडीचा नसल्यामुळे मी तुम्हाला क्लीट बदलण्याचा आग्रह करणार नाही.

आता सर्वांत गंभीर बाब. क्लीट बुटाला दोन स्क्रूंनी धरलेली असते. त्यांतला एक सैल होऊन गळून पडला, तर टाच वळवल्यावर बूट क्लीटभोवती नुसता फिरतो, क्लीट पेडलातच राहते आणि पाय कोणत्याही प्रयत्नाने सुटत नाही. मी स्वतः या कारणाने एका उतारावर पडलो आहे. नवीन क्लीटचे स्क्रू पहिल्या दोन-तीन फेऱ्यांनंतर पुन्हा आवळलेच पाहिजेत. त्यांच्यासाठी ५ ते ६ न्यूटन-मीटर आवळ पुरेसा असतो आणि बसवण्यापूर्वी आट्यांना थोडे ग्रीस लावल्यास ते गंजून अडकून बसत नाहीत. कधी असा प्रसंग आलाच तर तो पाय तसाच ठेवून दुसरा पाय सोडवावा, त्या बाजूला थांबावे आणि अडकलेला पाय बुटातून काढून घ्यावा.

बुटाचा तळही पाहून घ्या. क्लीटभोवतीचे रबर जाड असेल तर ते पेडलाच्या अंगावर घासते आणि वळण जड होते. बूट हातात घेऊन पेडलात अडकवून, वळवून पाहिला की हे लगेच कळते. क्लीटखाली पातळ पट्टी घालून किंवा घासणारे रबर थोडे कापून हा दोष दूर होतो. क्लीटच्या भेगेत माती किंवा बारीक खडा बसला तरी पाय नीट अडकत नाही आणि नीट सुटतही नाही, म्हणून चिखलात पाय टेकवल्यानंतर पेडलाच्या कडेवर तळ एकदा आपटून घ्यावा.

सावकाश

मी अनेक प्रौढ नवशिक्यांसोबत या पेडलांचा सराव केला आहे, त्या अनुभवावरून निघण्याविषयी लिहितो, कारण तो भाग वरच्या उत्तरांत राहिला आहे.

रेटा देत चालवून टांग टाकण्याची सवय पूर्णपणे सोडावी लागेल. त्या पद्धतीत सायकल एका बाजूला कललेली असते आणि सारे वजन एकाच पेडलावर, तेही सायकलीच्या बाहेरच्या बाजूने पडते. सपाट पेडलावर त्याच्या रुंद पृष्ठभागामुळे ते निभावते, लहानशा एसपीडी पेडलावर निभावत नाही. त्याऐवजी थांबलेल्या सायकलीवर आधी टांग टाकून दांड्याच्या दोन्ही बाजूंना पाय ठेवून उभे राहा. सीटवर बसू नका. ब्रेक दाबून ठेवा. उजवा पाय पेडलात अडकवा आणि पेडल मागे फिरवून अशा जागी आणा, जिथून खाली दाबल्यावर सायकल एका दमात पुढे जाईल. सायकलीच्या उजव्या बाजूने पाहिले तर घड्याळात २ वाजता लहान काटा जिथे असतो, ती ही जागा. डाव्या पायाने निघणाऱ्याला, डाव्या बाजूने पाहताना, हीच जागा १० वाजण्याच्या ठिकाणी दिसते; या फरकामुळे काहींचा गोंधळ होतो म्हणून मुद्दाम सांगितले.

आता ब्रेक सोडून उजव्या पायाने पेडल दाबायचे आणि त्याच दाबाने शरीर वर उचलून सीटवर यायचे. पहिली ढकल पूर्ण आणि निश्चयाची हवी. अर्धवट ढकलीत वेग मिळत नाही, आणि वेग नसताना डावा पाय अडकवण्यासाठी खाली पाहिले की तोल गेलाच. डावा पाय लगेच अडकला नाही तर अडकवण्याचा हट्ट धरू नका. तळव्याचा मध्य पेडलावर ठेवून चार-पाच फेरे मारा, चौक पार होऊ द्या, मग पुढे सावकाश चवडा पेडलाच्या पुढच्या कडेला लावून खाली दाबा. टक असा आवाज आणि पायाखालचा झटका यांवरून अडकल्याचे कळते, डोळ्यांनी पाहण्याची गरज नसते. तुमची पेडले दोन्ही बाजूंनी अडकणारी आहेत, त्यामुळे हे सोपे आहे. रस्त्यावरच्या शर्यतीची, तीन स्क्रूंच्या क्लीटची पेडले बहुधा एकाच बाजूने अडकतात. त्यांचे पुढचे टोक वर राहते, त्यात बुटाचे टोक पुढून सरकवून मग दाबावे लागते, आणि ते शिकायला आणखी वेळ लागतो.

कोणता पाय सोडवावा, या तुमच्या प्रश्नावर माझे मत असे आहे की पहिले दोन-तीन महिने एकच पाय ठरवावा आणि त्यात बदल करू नये. रस्त्याची कड ज्या बाजूला असेल त्या बाजूचा पाय सोयीचा, कारण चुकून तोल गेला तरी तो वाहनांपासून दूर जातो. यात एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी लागते. पाणी वाहून जावे म्हणून रस्ता कडेला उतरता केलेला असतो, त्यामुळे कडेच्या बाजूला जमीन थोडी खोल लागते आणि सीट न सोडणाऱ्याला ती फसवते. पुढे दुसऱ्या पायाचाही सराव करावा, कारण कधी खड्डा, कधी चिखल, कधी उभे वाहन त्याच बाजूला असते. परंतु दोन्ही पाय एकदम शिकायला गेले की ऐन वेळी कोणता सोडवायचा हे ठरवण्यातच तो क्षण निघून जातो.

"लांबपल्ला" यांनी मोकळ्या सपाट जागेत सराव करण्यास सांगितले, ते योग्यच आहे. पुष्कळ जण हिरवळीवर सराव करण्यास सांगतात, त्याबाबत माझे मत वेगळे आहे. हिरवळीवर पडले तर लागत नाही हे खरे, पण गवतात चाक जड चालते, वेग अचानक मरतो आणि रस्त्यावर कधी न येणारी अडचण तेथे येते. पडण्याची फारच भीती असेल तर एक दिवस हिरवळीवर घालवावा, नंतर फरसबंद जागी यावे. त्याआधी भिंतीला किंवा दाराच्या चौकटीला हात टेकून, सीटवर बसून, प्रत्येक पाय पन्नास वेळा अडकवावा आणि सोडवावा. हे करताना खाली पाहू नये.

पहाटफेरी

तीन आठवड्यांनी लिहीत आहे. तिन्ही उत्तरांचा मला मोठा उपयोग झाला आणि सर्वांचे मनापासून आभार मानते.

पहिल्याच दिवशी तपासणीत असे आढळले की उजव्या बुटाच्या क्लीटचा एक स्क्रू जवळजवळ एक फेरा सैल झाला होता. तो गळून पडण्यापूर्वी लक्षात आले, याबद्दल "पानापेटी" यांची मी विशेष ऋणी आहे. पेडलांच्या चारही स्क्रूंचा ताणही सारखा नव्हता. डाव्या पेडलाची एक बाजू बरीच घट्ट होती.

त्यानंतर पाच दिवस केवळ उजवा पाय अडकवून सराव केला. सीटच्या पुढे येऊन थांबणे मला सुरुवातीला फार अवघड गेले, कारण इतकी वर्षे मी सीटवर बसूनच चवडा टेकवत आले होते आणि सीट सोडणे म्हणजे आधार सोडणे असे वाटत होते. सहाव्या दिवशी केव्हातरी ते जमू लागले आणि पूर्ण पाऊल जमिनीवर टेकल्यावर किती स्थिर वाटते, हे कळले. आता दोन्ही पाय अडकवून रोजची फेरी करते. या काळात एकदाही पडले नाही.

दोन शंका उरल्या आहेत. चढावर थांबावे लागले तर पुन्हा निघताना पहिल्या ढकलीत पुरेसा वेग मिळत नाही आणि डावा पाय पेडलावर येण्याआधीच सायकल थांबते. आणि समोर कोणी अचानक आडवे आले, तर वर सांगितलेला एवढा क्रम पाळायला वेळच मिळणार नाही, तेव्हा काय करावे?

लांबपल्ला

सीटबाबतची तुमची भावना मला पूर्णपणे समजते. माझ्याही बाबतीत तेच सर्वांत शेवटी जमले.

चढावर निघताना शक्य असेल तर सायकल रस्त्याला तिरपी, चढाला जवळजवळ आडवी उभी करा. मागून आणि पुढून वाहन नाही याची खात्री करून त्या आडव्या रेषेत पहिली ढकल दिली की ती सपाट जमिनीवर दिल्यासारखी ठरते, वेग मिळतो आणि मग हँडल हळूहळू चढाकडे वळवता येते. टेकवायचा पाय मात्र चढाच्या, म्हणजे उंच बाजूचा हवा, कारण तिथे जमीन जवळ असते. रस्ता अरुंद असेल किंवा रहदारी असेल तर हे करू नये. अशा वेळी सरळच निघावे, पण मागचा ब्रेक दाबून ठेवून. पेडल २ वाजण्याच्या जागी आणून त्यावर वजन द्यायला लागायचे आणि वजन पूर्ण आल्याचे जाणवले की ब्रेक सोडायचा. त्यामुळे सायकल मागे घसरत नाही आणि ढकलीचा सारा जोर पुढे जाण्यासाठी मिळतो.

गिअरबाबत चढावर थोडा विचार करावा लागतो. अगदी सर्वांत हलका गिअर ठेवला तर पेडल क्षणात खाली जाते, सायकल जेमतेम हातभर पुढे सरते आणि दुसरा पाय येण्याआधीच थांबते. तुमच्या बाबतीत हेच होत असावे. त्याहून एक किंवा दोन पायऱ्या जड गिअर ठेवून पाहा. आणि डावा पाय आला की तो अडकवण्याच्या मागे न लागता तळव्याच्या मध्यानेच पेडल मारत राहा. चढ संपेपर्यंत तो अडकला नाही तरी काही बिघडत नाही.

सावकाश

अचानक थांबण्याविषयी सांगतो. तेथे क्रम आठवून उपयोग नाही हे तुमचे म्हणणे खरे आहे, म्हणून मी दोन गोष्टी वेगळ्या करतो. जिथे काही आडवे येऊ शकते अशा ठिकाणी, उदाहरणार्थ उभ्या वाहनांच्या रांगेजवळ, शाळेसमोर किंवा वळणाआधी, मी ठरलेला पाय आधीच सोडवून ठेवतो आणि तळव्याच्या मध्याने पेडल मारत जातो. थांबावे लागले नाही तर पुढे जाऊन तो पुन्हा अडकवतो. यात काही सेकंदांपलीकडे काही जात नाही, आणि तुम्ही लिहिलेली चौकाजवळची धडधडही यानेच कमी होईल असे मला वाटते.

जिथे अशी शक्यता दिसत नव्हती आणि तरीही अचानक ब्रेक दाबावा लागला, तिथे ब्रेक दाबणे आणि टाच वळवणे या दोन गोष्टी एकाच वेळी व्हायला हव्यात. याचा सराव मी असा करून घेतो की सायकलस्वार मोकळ्या जागेत सावकाश फेऱ्या मारतो आणि दुसरा कोणीतरी, केव्हा ते न सांगता, "थांबा" असे म्हणतो. हाक ऐकली की बोटे ब्रेकवर आणि टाच बाहेर, दोन्ही एकदम. सुरुवातीला पेडल वर असताना हाक आली की पाय सुटत नाही, कारण गुडघा वाकलेला असताना टाच वळवण्याची आपल्याला सवय नसते. म्हणून भिंतीला टेकून करायच्या सरावात पेडल वर, पुढे, खाली आणि मागे अशा चारही ठिकाणी ठेवून पाय सोडवून पाहा. वरच्या आणि मागच्या जागी जास्त वेळ द्या. हाक देणारा सोबती आठवड्यातून दोनदा, दहा-दहा मिनिटे मिळाला तरी पुरे. फक्त त्याने हाक समान अंतराने देऊ नये, नाहीतर आपण तिची वाट पाहू लागतो.